गोपिका कूलरचं पेज कोणाच्या हातात

कामठी रोडवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये कूलर बनवणाऱ्या गोपिका भोयर कुणावर चटकन विश्वास ठेवत नाहीत, आणि त्याला कारण आहे. त्यांचे यजमान रुपराव हयात असताना त्यांचा सगळ्यात जुना मिस्त्री एक दिवस काम सोडून गेला आणि महिन्याभरात दोन गल्ल्या पलीकडे हुबेहूब तोच कूलर बनवू लागला. पत्रा कुठे वाकवायचा, पंखा किती आत बसवायचा, सगळं तेच. रुपरावांनी ते हसण्यावारी नेलं. गोपिकाबाईंनी नाही नेलं. मापांचे कागद त्या दिवसापासून त्यांच्या कपाटात गेले.

रुपराव गेल्यावर धंदा त्यांनीच पुढे चालवला. नागपुरात होळी झाली की घरोघरी कूलर निघतात आणि मृगापर्यंत चालतात. वर्षाची सगळी कमाई त्या तीन महिन्यांत. नागपुरातल्याच सदर भागातल्या एका जाहिरात कंपनीचा माणूस तेव्हा दोनदा येऊन गेला. मोबाईलवर जाहिरात करून देतो, गिऱ्हाईक वाढवतो म्हणाला. गोपिकाबाईंनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.

"माह्या गिऱ्हाइकांची नावं मी परक्याच्या हातात देऊ?" त्या म्हणाल्या. "उद्या दुसऱ्या कूलरवाल्याले देईन तो."

त्यापेक्षा आपली माणसं बरी, म्हणून त्यांनी दोघांना नोकरीवर ठेवलं. फोटो आणि व्हिडिओ काढायला अंकुश, आणि लिहायला, बोलायला, गिऱ्हाइकाला उत्तर द्यायला इंदोरा वस्तीत राहणारी रोशनी गजभिये. शेडच्या कोपऱ्यात एक टेबल, दोन खुर्च्या. एवढंच त्यांचं मार्केटिंग खातं.

पण ते चाललं. अंकुशने इंटरनेटवर गोपिका कूलरचं पेज उघडलं. रोशनी व्हिडिओत कूलरसमोर उभी राहून आपल्या घरच्या बोलीत बोलायची. "ऊन तापून राहिलं ते ठीक आहे, तुम्ही काहून तापून राहिले?" लोक हसले, एकमेकांना पाठवू लागले. दोन उन्हाळ्यांत निम्मी विक्री त्या पेजवरून होऊ लागली. रामटेकपासून गोंदियापर्यंतचे दुकानदार रोशनीला फोन करून माल मागवू लागले. पूर्वी गोपिकाबाई जानेवारीत स्वतः टेम्पोत बसून या दुकानदारांकडे फिरायच्या. ते बंद झालं. कशाला फिरायचं? रोशनी आहे ना.

या वर्षी जानेवारीत अंकुश नोकरी सोडून गेला. लग्नांचे व्हिडिओ काढण्यात जास्त मिळतं म्हणाला. गोपिकाबाईंना ते पटलं नाही. सगळ्यांसमोर त्या बोलून गेल्या, "विकून गेला असन काहीतरी. कोणाले विकलं ते कळनच." रोशनीने मान खाली घातली आणि त्याची खुर्ची भिंतीला लावली. त्या दिवसापासून दोघांचं काम ती एकटी करू लागली.

फेब्रुवारीत तिचं वागणं बदललं. फोन आला की ती उठून बाहेर, पत्र्यांच्या ढिगामागे जाऊन बोलायची. गोपिकाबाई जवळ आल्या की लॅपटॉप मिटायची. डबा तसाच परत न्यायची. कूलरच्या जाळ्यांत गवत भरणाऱ्या सिंधूताईंनी एक दिवस हळूच सांगितलं, "बाई, थे पोट्टी अंकुशसंगं बोलून राहिली होती. मी नाव ऐकलं."

"काय बोलली?"

"थे नाई आयकू आलं. पण 'बाईले सांगू नको' म्हणे."

 गोपिकाबाईंनी रोशनीला काही विचारलं नाही. फक्त बघत राहिल्या. टेबलावरचा फोन दिवसातून वीस वेळा वाजायचा, तो आता दोनदा वाजत होता. त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं, "फोन कमी झाले का वं?"

"सीझन सुरू व्हायचाय ना ताई," रोशनी म्हणाली. नजर मात्र वर केली नाही.

दोन दिवसांनी इतवारीतल्या एका जुन्या व्यापाऱ्याचा फोन आला, थेट गोपिकाबाईंच्या मोबाईलवर. "वहिनी, तुमच्या पेजवरचा नंबर बदलला का? मी लावला तं कोणी भलताच बोलते. म्हणे आधी पैसे पाठवा, मंग कूलर."

त्या दुपारी रोशनी बँकेत गेली असताना गोपिकाबाईंनी तिच्या टेबलाचा खण उघडला. आत हाताने लिहिलेले चार कागद होते. सगळ्या दुकानदारांची नावं, गावं, फोन नंबर. काही नावांपुढे बरोबरची खूण. ज्या यादीपायी त्यांनी परक्या माणसाला दारातून परत पाठवलं होतं, ती यादी घरच्याच माणसाने उतरवून ठेवली होती. कागद जसेच्या तसे ठेवून त्यांनी खण बंद केला.  मिस्त्री गेला तेव्हा रुपराव होते, आता त्या एकट्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रोशनी डोकं दुखतं म्हणून लवकर निघाली. गोपिकाबाईंनी स्कूटी काढली आणि तिच्या ऑटोच्या मागे लागल्या. ऑटो इंदोऱ्याकडे वळला नाही. सरळ सदरला गेला. एका नाश्त्याच्या हॉटेलात रोशनी शिरली. काचेतून आत पाहिलं, तर समोर अंकुश. दोघांच्या मध्ये लॅपटॉप उघडा, आणि बाजूला ते चार कागद.

गोपिकाबाई आत गेल्या आणि टेबलाशी उभ्या राहिल्या.

"बोल वं," त्या म्हणाल्या. "कोणाले विकून राहिले?"

अंकुश ताडकन उठला. रोशनी उठली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज स्थिर होता.

"बसा ताई. विकलं नाही कोणी. पेज चोरीला गेलं."

गोपिकाबाईंना आधी काही समजलंच नाही. मग अंकुशने अडखळत सांगितलं. पेज सुरू केलं तेव्हा ते त्याने स्वतःच्या खात्यावरून, स्वतःच्या फोन नंबरवर उघडलं होतं. तेव्हा तेच सोपं होतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. तो नोकरी सोडून गेला, पण पेजची किल्ली त्याच्याच खिशात राहिली. रोशनी त्याला दोनदा म्हणाली होती, माझ्या नावावर करून दे. तो करतो करतो म्हणत लग्नांच्या गडबडीत राहिला. मग तीन आठवड्यांपूर्वी एक दिवस त्याला मेसेज आला, तुमचं पेज बंद होणार आहे, वाचवायचं तर इथे दाबा. त्याने दाबलं. पाच मिनिटांत त्याचं खातं गेलं, पेज गेलं. चोराने रोशनीला पेजवरून काढून टाकलं आणि तिथे स्वतःचा नंबर टाकला. ते परत मिळवायची खटपट करायलाच दोघं इथे बसली होती.

"अन् हे कागद?" गोपिकाबाईंनी विचारलं.

"दुकानदारांचे मेसेज सगळे पेजमध्येच होते ताई. ते गेले. जेवढे नंबर माह्या फोनमध्ये अन् डोक्यात होते, ते उतरवले. एकेकाले फोन करून सांगून राहिली, पेजवरच्या नंबरवर पैसे पाठवू नका म्हणून. ज्याले सांगितलं त्याच्यापुढे खूण."

"तीन हप्ते झाले. मले काहून नाही सांगितलं?"

रोशनीने पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "अंकुश गेला तेव्हा तुम्ही काय म्हटलं, आठवते? त्याने काही केलंबी नव्हतं तेव्हा. मी पेज गेलं म्हणून सांगितलं असतं, तं तुम्ही मले काय म्हटलं असतं?"

गोपिकाबाई खुर्ची ओढून बसल्या. वेटर येऊन काय आणू विचारत होता. त्याच म्हणाल्या, "तीन चहा आण गा." पण मनातली शंका तेवढ्याने मिटली नाही. चहा पिता पिता त्या अंकुशच्या फोनवरचा तो मेसेज तीनदा वाचत होत्या, तारीख बघत होत्या. खरंच असं झालं असेल, की दोघांनी मिळून रचलेली गोष्ट आहे?

त्यांची खात्री पटली ती पोलिसांच्या सायबर विभागात. तिथल्या बाईंनी मेसेज बघून सांगितलं, असल्या तक्रारी त्यांच्याकडे रोज येतात. तक्रार लिहून घेतली. पेज परत मिळायला किती दिवस लागतील ते मात्र सांगता येत नाही म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून गोपिकाबाई आणि रोशनी टेम्पोत बसून दुकानदारांकडे निघाल्या. रामटेकला नानाजी म्हणून जुने दुकानदार, आता नजर अधू झालेले. गोपिकाबाईंनी नमस्कार केला, तर ते बघतच राहिले. रोशनी "नमस्कार काका" म्हणाली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अरे, रोशनी का तू? आवाजावरून ओळखलं. ह्या कोण, आई का तुझ्या?"

"ह्या मालकीण, काका. गोपिकाताई."

"असं का! मले वाटे कंपनी तुहीच हाये."

गोपिकाबाई हसल्या, पण परतीच्या वाटेवर ते बोलणं त्यांच्या मनातून जाईना. ज्या माणसाला रुपरावांनी पहिला कूलर दिला, तो त्यांना ओळखत नव्हता. यात रोशनीने काही पळवलं नव्हतं. त्यांनी स्वतःच सगळं एका मुलीच्या आवाजावर सोडून दिलं होतं, आणि वर तिच्यावर पाळतही ठेवली होती.

"उद्या तू बिमार पडली तं?" त्यांनी एकदम विचारलं.

"पडली होती ताई. मागच्या आठवड्यात दोन दिवस ताप होता. कामावर आली, कारण दुसरं कोणी नव्हतं."

पेज एप्रिलच्या मध्याला परत मिळालं. तोवर दुकानदारांचे माल भरायचे दिवस निघून गेले होते. बरेच कूलर ताडपत्रीखाली शेडमध्येच राहिले. त्या खोट्या नंबरवर पैसे पाठवलेली काही माणसं शेडच्या दारात येऊन भांडली. गोपिकाबाईंनी ती भांडणं स्वतः ऐकून घेतली, रोशनीला पुढे केलं नाही.

पावसाळ्यात त्यांनी माया नावाची आणखी एक मुलगी कामाला घेतली. रोशनीने तिला सगळं शिकवायचं असं ठरलं. पेज आता फर्मच्या नावावर, फर्मच्या नंबरवर आहे. आणि सदरच्या त्या जाहिरात कंपनीला गोपिकाबाईंनी स्वतःच फोन केला.

या वेळी साहिल नावाचा तरुण आला. लॅपटॉपवर रंगीत चित्रं दाखवू लागला. गोपिकाबाईंनी त्याला मध्येच थांबवलं.

"ते राहू द्या. पहिले हे सांगा, आमचं काम तुमच्याकडे किती जणं करतीन?"

"मीच बघणार मॅडम, स्वतः लक्ष देऊन."

"अन् तुम्ही काम सोडून गेले तं? आमच्या पेजची किल्ली कोणाकडे राहीन?"

साहिल जरा गडबडला. "आमची टीम छोटी आहे मॅडम. सध्या आम्ही दोघंच आहोत."

गोपिकाबाईंनी रोशनीकडे पाहिलं. रोशनी हसू दाबत होती.

"म्हणजे तुमचंबी आमच्यासारखंच हाये," गोपिकाबाई म्हणाल्या. मग त्यांनी काम दिलं, पण निम्मंच. उरलेलं निम्मं रोशनी आणि मायाकडे ठेवलं, आणि जानेवारीत स्वतः दुकानदारांकडे फिरायला टेम्पो आत्ताच सांगून ठेवायला विसरल्या नाहीत.