फुकट्याने ओळखलेला माणूस

आमच्या नाटक मंडळीत राजे पुष्कळ झाले. मीही त्यातलाच एक. पण खरं राज्य केलं ते कपडेपटातल्या मावशीने. तोंडात टाचण्या धरूनच ती बोलायची.

"मावशी, कमरेत जरा सैल ठेवा," मी एकदा म्हणालो.

"पोट आत घे की! तुझ्या पोटाला पुरेल एवढं कापड अजून कोणी विणलेलं नाही."

तेव्हापासून मी श्वास रोखूनच राज्य करत आलो.

तिच्याकडे मापांची एक जाड वही होती. तिच्यात माणसांची नावं नसत, भूमिकांची असत. सेनापती, पहिला दूत, दुसरा पहारेकरी. नट बदलला की जुन्या मापाखाली तारीख टाकून नवं माप. "माणसं येतात-जातात, अंगरखा राहतो," असं ती म्हणायची.

आणि मागच्या दाराशी असायचा फुकट्या. सगळे प्रयोग तिकीट न काढता बघणारा कुत्रा, म्हणून ते नाव. मध्यंतरी मी दुसऱ्या मंडळीत गेलो आणि सहा वर्षांनी परतलो, तो थेट मुकुट, दाढी आणि रंग चढवूनच विंगेत उभा राहिलो. जुन्या सोबत्यांनी ओळखलं नाही. फुकट्या मात्र सरळ आला आणि माझ्या पायावर डोकं टेकून बसला.

"तुझ्या रंगाला तो कसला भुलतोय!" मावशी म्हणाली. "एकदा नाकात गेलेला माणूस तो विसरत नाही."

तिचा नवरा आमचा दिवेवाला. मी मंडळी सोडली त्याच्या थोडं आधी, एका दुपारी, तालमीच्या तयारीत तो उंच शिडीवरून पडला आणि जागीच गेला. आमच्यात एक नियम होता: कोणी शिडीवर चढलं की खाली एकाने ती धरायची, आणि नाक खाजलं तरी हात सोडायचा नाही. त्या दिवशी शिडी कोणी धरली होती, असं विचारल्यावर प्रत्येकाने नकारार्थी मान हलवली. मीही हलवली. मी पडद्याच्या अलीकडे होतो, मला काहीच दिसलं नव्हतं. मग ठरलं, एकटाच चढला असणार.

मावशीने ते मानलं. "हट्टी कुठला! कोणाला हाक मारायला काय झालं होतं?" असं ती त्याच्या फोटोपुढे बोलायची. नऊ वर्षं ती त्या गेलेल्या माणसाशी भांडत होती.

फुकट्या तेव्हा वर्षभराचा होता, शिडीजवळच खेळत होता. त्यानंतर दोन दिवस तो कपड्यांच्या पेटीखाली थरथरत पडून होता, अंगाखाली ओलं करून. आवाजाला घाबरला असेल, असं आम्हाला वाटलं.

परवा मावशीच्या लेकीचं लग्न ठरत आलं. मुलगा कापडाच्या दुकानात विक्रेता, जिभेवर साखर. लग्नाचा कोट मावशी स्वतः शिवणार होती, म्हणून माप द्यायला तो पहिल्यांदाच कपडेपटात आला. मी बटण लावून घ्यायला बसलो होतो. लेक चहाचे कप घेऊन दारात उभी.

"नाट्यगृहाची ही बाजू आज पहिल्यांदाच बघतोय बरं का," तो म्हणाला.

फुकट्या मखमलीच्या जुन्या पडद्यावर झोपला होता. आता त्याला धड दिसतही नाही. तो उठला, नाक उंचावून त्या मुलापाशी गेला, आणि त्याची शेपटी पोटाखाली गेली. सरपटत सरपटत तो पेटीखाली शिरला. फरशीवर ओली रेघ उमटली.

"म्हातारा झालाय," मुलगा हसला.

मावशी हसली नाही. तिने टेप काढली. छाती, बाही, मग खांदे. उजव्या खांद्यावर टेप थांबली. तोंडातल्या टाचण्या तिने एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. मग जुनी वही काढून बोट ओलं करत पानं उलटली.

"दुसरा पहारेकरी," तिने वाचलं. "बाही साडेतेवीस. उजवा खांदा पाऊण इंच खाली, आत कापूस भरणे." वही तिने त्याच्यापुढे धरली. "बदली म्हणून आठ दिवस आला होता. शिरस्त्राण आणि दाढीत चेहरा कोणाला दिसणार! शिडी पडली त्या दुपारी अंगरखा खुंटीला लावून गेला, तो गेलाच. शिडी तू धरली होतीस?"

पेटीखाली नखं फरशीवर खरवडत होती.

"एक क्षण सोडली," तो शेवटी म्हणाला. "मला हाक आली. 'पहारेकरी, माझा शेला धर रे.' राजाची हाक, नाही कसं म्हणणार?"

माझं बटण हातातून पडलं. तो शेला मला अजून आठवतो. लाल, जरीकाठी, सारखा घसरणारा.

"तुम्ही तर मला म्हणाला होतात, इथे कधी पाऊलही ठेवलं नाही," लेक म्हणाली. तिने कप खाली ठेवले, कोटाचं कापड उचललं आणि त्याच्या हातात दिलं. तो गेला.

मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती फोटोकडे पाहत होती.

"एकटा नव्हता चढला," ती हळूच म्हणाली. "मी मात्र उगाच नऊ वर्षं बोलत राहिले त्याला." मग वही मिटली. "आणि राजाने हाक मारली तरी हात सोडायचा नाही."

थोड्या वेळाने फुकट्या बाहेर आला. चाचपडत माझ्यापाशी आला, बराच वेळ पाय हुंगत राहिला, आणि नेहमीसारखं डोकं टेकून बसला. त्या दुपारचं त्याला सगळंच आठवत होतं. माझी हाकसुद्धा. अंधार पडेपर्यंत मला पाय हलवण्याचा धीर झाला नाही.