कवळीकाकांचा कट्टा

कवळीकाकांच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला. दुसऱ्यांसाठी दात बनवतात आणि स्वतः दातओठ खातात, असं काकूच म्हणायच्या, तेही गिऱ्हाइकासमोर. अशा माणसाने मोबाइलवर मोकळ्या विचारांचा कट्टा काढला, तेव्हा अख्खी गल्ली पोट धरून हसली. पण कट्टा चालला की हो! मेल्यावर काय उरतं, खोटं कधी बोलावं, असल्या प्रश्नांवर कुठले कुठले लोक हिरिरीने भांडू लागले.

नियम एकच, तोही कवळीतून आलेला. नवी कवळी टोचली म्हणून काका लगेच घासायला घेत नसत. आधी रंगीत कागद चावायला द्यायचा, ठिपका उमटेल तेवढंच घासायचं. कट्ट्यावरही तसंच. आधी समोरच्याचं म्हणणं आपण मांडायचं; तो ‘हो, हेच’ म्हणाला, की मगच विरोध.

मग काका तापाने आडवे झाले आणि कट्टा सांभाळायला दिला मेहुण्याकडे. इथेच घोळ झाला.

आजारी पडण्याआधी काकांनी कट्ट्यावर लिहिलं होतं, ‘दुःखाने माणूस शहाणा होतो.’ त्यावर एक नर्सबाई तुटून पडल्या होत्या, ‘वॉर्डात या. दुःखाने माणूस फक्त थकतो.’ काकांना तो वाद पुढे न्यायचा होता. ताप उतरल्यावर बघतात तर नर्सबाई गायब आणि कट्ट्यावर नुसती सुप्रभातची फुलं!

“बाई कुठायत?”

“काढलं त्यांना, भाऊजी. कटकट मिटली. बघा, कसं शांत आहे.”

“शांत? दात नसलेलं तोंडही शांतच असतं, गाढवा!”

“माझ्या भावाला गाढव म्हणायचं नाही,” काकू कडाडल्या.

“मग तूच सुचव दुसरं काहीतरी!”

काकांनी तिथल्या तिथे मेहुण्याला कट्ट्यावरून हाकललं, नर्सबाईंना परत घेतलं आणि आपला पराक्रम कट्ट्यावर मीठमसाला लावून सांगितला. शाबासकी दूरच, बाईंनी एवढंच विचारलं, ‘मेहुण्याचं म्हणणं आधी मांडलंत का?’

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिच्यासाठी भांडलो, तीच उलटली! तासभर ते कामाच्या टेबलावर कवळीचं मेण बडवत बसले. शेवटी मेहुण्याला पुन्हा कट्ट्यावर घेऊन, त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

“तुला वाटलं, ती माझा अपमान करतेय.”

“नाही.”

“मग?”

“तुम्ही तापातही फोन सोडत नव्हता. ताई उशाशी बसून रडत होती. वाद थांबला तर झोपाल, म्हणून काढलं.”

काकूंनी मान फिरवली. काकांचा आवाज जरा खाली आला. “मी झोपावं, ताईचा जीव शांत व्हावा, म्हणून काढलंस.”

“हो, हेच.”

“झालं? आता माझं ऐक! माझी झोप मी बघीन. पण त्या बाईचं तोंड बंद करणारा तू कोण रे?”

काकूंनी उठून खिडकी लावून घेतली. तरी गल्लीला सगळं ऐकू आलंच.