आईची आठवड्याची गोळी

मित्रांनो, आज सकाळी मी आईवर ओरडलो, तेही नर्सताईंसमोर.

आईची हाडं ठिसूळ झालीत. धुळ्याच्या नर्सताई व्हिडिओ कॉलवर चौकशी करतात. आई म्हणाली, "बठ्ठं बरं शे, ताई."

मी भडकलो. "खोटं! सगळं कुठे बरंय? जळजळतं म्हणून आठवड्याची गोळीच बंद केलीय हिने!"

ताईंनी विचारलं, "कशी घेत होता, अक्का?"

"चहासंगे. मंग जराशी आडी पडस."

"म्हणूनच जळजळ. उपाशीपोटी साध्या पाण्याने घ्या, मग अर्धा तास बसून राहा, आडवं व्हायचं नाही. भाऊ, ओरडू नका, जवळ बसा."

आईने चहाआधीच साध्या पाण्याने गोळी घेतली. मी बसलो.

ती हळूच म्हणाली, "ती कॉलेजनी पोर आते तुन्हासंगे बोलत नही का?"

मी कॉलेज सोडल्याबद्दल सगळे बोलले. त्यामागचं हे दुखणं कुणीच विचारलं नव्हतं.

तुम्ही आईला दुखणं विचारता, की नुसतं 'गोळी घेतली का'?