जाळीच्या आतल्या पोरी

“गवई, ॲटलास कुठं आहे?”

सचिवसाहेबांनी खालून विचारलं तेव्हा मी शिडीवर होतो. वाचनालयाची पडताळणी चालू होती. पडताळणी म्हणजे वर्षातून एकदा सगळी पुस्तकं यादीशी ताडून पाहणं. साहेब नाव वाचायचे, मी पुस्तक दाखवायचो. मोठा नकाशासंग्रह त्याच्या फळीवर नव्हता. वरखाली पाहिलं, मागं हात घालून पाहिलं. नव्हताच.

“त्या दोन पोरींनीच नेला,” साहेब म्हणाले. “मी आधीच सांगितलं होतं.”

सांगितलं होतं, हे खरं. पण मीही एक सांगितलं होतं. ते आधी लिहितो.

मी राजापेठेतल्या या वाचनालयात शिपाई म्हणून आयुष्य काढलं. शिक्षण चौथी, तेही हिवरखेडच्या शाळेत अर्धं बाहेर बसून. पण कपाटातल्या कोणत्याही पुस्तकावर अंधारात हात ठेवीन, ही माझी शेखी आहे आणि ती मी लपवत नाही. आमच्याकडं पुस्तकांच्या कपाटांपुढं लोखंडी जाळी आहे. वाचक जाळीबाहेर. त्यानं नाव सांगायचं, मी पुस्तक आणून द्यायचं. वाचक आत येत नाही. त्यामुळं पुस्तकं जागच्या जागी राहतात.

एका सकाळी वैशालीताई आपल्या दोन पोरींना घेऊन आल्या. थोरली ओवी, धाकटी रेवा. शाळेच्या वेळेत पोरी इथं कशा, म्हणून विचारलं.

“काका, आम्ही शाळा बंद केली. मीच घरी शिकवते.”

“काहून? शाळेनं काय केलं?”

“केलं काहीच नाही. ओवी तिथं बोलेनाशी झाली. घरी येऊनही तोंड उघडत नव्हती.”

ओवीचे वडील अकोल्याला नोकरीला, शनिवारी यायचे. त्यांनी एक वर्ष दिलं होतं. वर्षभरात पोरगी सुधारली नाही तर परत शाळा. घर दोन खोल्यांचं. तिथं पुस्तकं किती मावणार? म्हणून वाचनालय.

“बोला, कोणतं पुस्तक पायजे?” मी ओवीला विचारलं.

मी पुन्हा विचारलं. मग ती जाळीला नाक लावून हळूच म्हणाली, “पाहिल्याशिवाय नाव कसं सांगू?”

इतकी वर्षं जाळीच्या आत उभा होतो, हा सवाल कोणी केला नव्हता. मोठी माणसं नाव ठरवूनच येतात. लेकराला अजून माहीतच नसतं की काय पाहिजे.

मी साहेबांकडं गेलो. साहेब निवृत्त प्राध्यापक, माणूस चांगला, पण नियमाला कडक.

“आत सोडायचं नाही, गवई. पुस्तकं जातील. उद्या सगळेच मागतील.”

“मांगू द्या. या दोघीले सोडतो. एक पुस्तक जरी गेलं तर जाळीची किल्ली तुमच्या टेबलावर ठेवीन.”

“हट्ट सोडा.”

“नाई सोडत.”

साहेबांनी हात झटकले. मी त्याला परवानगी समजलो.

तेव्हापासून पोरी रोज यायच्या. बेडकाचं पुस्तक काढायच्या, त्यातून तळ्याचं, त्यातून पावसाचं. वैशालीताई बाहेर बसून त्यांना लिहायला लावायच्या. सकाळी पेपर वाचायला येणारे म्हातारे आधी कुरकुरले. मग एसटीतून रिटायर झालेले एक ड्रायव्हर ओवीला सातपुड्यातले घाट सांगू लागले. ओवी त्यांना उलट प्रश्न विचारू लागली. ड्रायव्हरसाहेब मला म्हणाले, “हे पोट्टी चूप बसतच नाई ना बाप्पा.” वैशालीताईंनी ते ऐकलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

आणि आता ॲटलास नव्हता.

पोरी नेहमीच्या वेळेला आल्या. साहेबांनी ओवीला दारातच गाठलं. “मोठं नकाशाचं पुस्तक कुठं आहे? खरं सांग.”

ओवीचा चेहरा उतरला. पहिल्या दिवशी होता तसा झाला. वैशालीताई म्हणाल्या, “सर, आम्ही न नोंदवता एकही पुस्तक घरी नेलं नाही.”

“मग गेलं कुठं?” साहेबांचा आवाज चढला.

“साहेब,” मी म्हटलं, “हळू बोला. वाचनालय हाय हे.”

पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी कोणीतरी हसलं. मी ओवीजवळ बसलो. “माय, रागावून नाई राहिलो. तू शेवटी कुठं पाह्यलं होतं थे?”

ती सरळ जाळीच्या आत गेली, प्रवासवर्णनाच्या कपाटाशी उभी राहिली आणि खालच्या फळीवरून ॲटलास ओढून काढला.

“इथं कोणी ठेवला?” साहेबांनी विचारलं.

“मी.”

“का?”

मला वाटलं, आता ही बोलत नाही.

“ड्रायव्हर आजोबांनी घाट सांगितले, ते मी प्रवासाच्या पुस्तकात शोधले,” ओवी म्हणाली. “वाचताना सारखा नकाशा लागत होता. तो त्या टोकाला होता. मग इथंच ठेवला. इथंच पाहिजे ना तो?”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. “गवई, बरोबर आहे का हिचं?”

“नाई साहेब. चूक हाय. पाठीवर जो आकडा हाय त्याच फळीवर पुस्तक पायजे. भलत्या फळीवरचं पुस्तक हारपल्यासारखंच. पण हारपलं नाई. किल्ली माह्याजवळच राह्यते.”

साहेब हसले नाहीत. पण त्याच दिवशी त्यांनी जाळीच्या दाराजवळ एक रिकामं टेबल लावायला सांगितलं. लेकरांनी आत यावं, पाहिजे ते पुस्तक काढावं, वाचून झालं की टेबलावर ठेवावं. फळीवर परत ठेवायचं काम गवईचं.

ओवीच्या वडिलांनी वर्षाच्या शेवटी मुदतीचा विषय काढलाच नाही. आता घरी शिकणारी आणखी काही लेकरं येतात, एक कुटुंब तर अकोल्याहून येतं. मी रिटायर झालो तरी सकाळी जातोच. टेबल रोज भरलेलं असतं.

या धंद्यात मी एवढं शिकलो. लेकराला आत येऊ द्यावं, हात लावू द्यावा, उचकू द्यावं. पुस्तक परत मात्र आपणच ठेवावं.