केबिनमधलं बोलणं

लॉन्ड्रीत त्याला सगळे भोंगा म्हणत. चादरींना इस्त्री करणाऱ्या बायका, फाटकावरचा पहारेकरी, गॅरेजचा फोरमन. इतकंच काय, पाठीमागे त्याची सासूसुद्धा. एकतीस वर्षं त्याने लॉन्ड्रीची डिझेल व्हॅन चालवली होती. सकाळी दवाखान्यांतल्या मळक्या चादरी उचलायच्या, संध्याकाळी धुतलेल्या पोचवायच्या. केबिनमध्ये इंजिनाची अशी घरघर चाले, की शेजारच्याशी घसा ताणूनच बोलावं लागे. ती सवय गाडीतून उतरल्यावरही सुटत नसे. जेवताना तो मीठ मागायचा ते खालच्या मजल्यावर कळायचं. खालची शेजारीण एकदा खरंच मिठाची वाटी घेऊन वर आली होती.

बायको एका दवाखान्यात चादरींच्या खोलीत कामाला होती. तिथेच दोघांचं जमलं. लग्नानंतर त्याने दिवसाची शेवटची फेरी कायमची तिच्या दवाखान्याची करून घेतली, म्हणजे तिला बरोबर घेऊन घरी येता यायचं. पंचवीस मिनिटांचा रस्ता. घरी त्याचे आईवडील, मग मुलगी, मुलीचा अभ्यास, आल्यागेल्यांची ऊठबस. नवराबायको म्हणून दोघांना जे काही बोलायला मिळे ते या केबिनमध्येच. ती बोलायची, तो रस्त्यावर नजर ठेवून ‘हं’ म्हणायचा. आपल्यासारखं सुखी जोडपं दुसरं नसेल, असं त्याला मनापासून वाटे.

तो निवृत्त झाला त्याच वर्षी लॉन्ड्रीने जुन्या गाड्या मोडीत काढल्या. त्याने आपलीच गाडी मागून घेतली. मुलगी लग्न होऊन समुद्रकाठच्या गावी राहायला गेली होती, आठ तासांच्या अंतरावर. गाडीच्या मागच्या भागात राहण्याची सोय करायची, वाटेत मन मानेल तिथे मुक्काम करत तिच्याकडे जायचं, असं दोघांनी ठरवलं. कुठे पलंग, कुठे चूल, खिडकी कोणत्या बाजूला कापायची, ते सगळं बायकोने खाकी कागदावर आखून दिलं. तो पलंगाच्या फळ्या कापत असतानाच तिच्या गळ्यात गाठ निघाली.

शस्त्रक्रिया झाली. आवाजाची नस गाठीला चिकटलेली होती. ती कापावी लागू शकते हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, आणि तसंच झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरलं ते नुसतं कुजबुजणं. घरात शांतता असेल आणि तो तिच्या तोंडाकडे बघत असेल, तर त्याला सगळं समजायचं. त्याने टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली. स्वतःही हळू बोलायला शिकला. भोंग्याचा आवाज बसला म्हणून खालची शेजारीण चौकशीला येऊन गेली.

थोडं बरं वाटू लागल्यावर तो तिला गाडीतून फिरवायला घेऊन गेला. गावाबाहेर तळ्यापर्यंत जाऊन परत. वाटेत तिचे ओठ हलताना त्याला दोनतीनदा डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले. घराशी इंजिन बंद केल्यावर त्याने विचारलं, “काय म्हणत होतीस गं?”

“काही नाही,” ती म्हणाली आणि पदर सावरून उतरली.

हे ‘काही नाही’ त्याच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने पलंगाच्या फळ्या बाजूला ठेवल्या आणि केबिन हातात घेतली. गादीच्या दुकानातून फोमचे तुकडे आणले आणि दिसेल त्या पत्र्यावर चिकटवले. छताला, दाराला, पायाखाली. केबिन आतून उशीसारखी दिसू लागली. गाडी सुरू केली, तर घरघर जशीच्या तशी.

शेवटी तो फोरमनकडे गेला. फोरमनही निवृत्तच होता, पण त्याच्या अंगणात अजून चारदोन इंजिनं उघडी पडलेली असत. तो केबिनमध्ये डोकावला आणि फोमचा एक कोपरा नखाने उचकटून बघितला.

“भोंग्या, हे काय मांडलंयस? फोमने आवाज अडत नाही रे. आवाज अडवायला वजन लागतं. आणि त्याच्याआधी भोकं बुजवावी लागतात.”

त्याने खाली वाकून पॅडलच्या मागे टॉर्च मारला. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला जागोजाग भोकं होती. वायरी, केबल, पॅडलचे दांडे तिथून आत येत होते. त्यांची रबरी बुचं कधीच वाळून गळून पडली होती. “घराचं दार सताड उघडं ठेवून भिंतीला पडदे लावतोयस तू.”

मग कामाला खरी सुरुवात झाली. फोम खरवडून काढण्यात एक आठवडा गेला. एकेका भोकात नवं बूच बसवलं. इंजिनाखालचे रबर दबून चपटे झाले होते, ते बदलल्यावर गिअरच्या दांड्याची थरथर थांबली. फोरमनने त्याला पत्रा बोटाने वाजवून बघायला शिकवलं. ठणठण वाजला की तिथे डांबराचा जाड चिकट थर लावायचा, लाटण्याने दाबून बसवायचा. पुन्हा वाजवायचं. आवाज थप्प आला की पुढे. दारांच्या पोकळीत, चाकांवरच्या कमानींवर, छताला, सगळीकडे. बायकोचं लाटणं त्यात कामी आलं. जमिनीवर आधी जाड लोकरीचा नमदा, त्यावर कारखान्यात अंथरतात तसलं जड रबर. दारांच्या पट्ट्या नव्या. मागचा रिकामा डबा ढोलासारखा घुमायचा, म्हणून मध्ये प्लायवूडची दुहेरी भिंत घातली आणि तिच्यात लोकर भरली.

दर टप्प्याला परीक्षा व्हायची. बायको शेजारी वर्तमानपत्र घेऊन बसायची. तो सरळ रस्त्यावर ठरलेल्या वेगाने गाडी चालवायचा, समोर बघत. ती एक ओळ वाचायची, त्याने ती परत म्हणून दाखवायची.

“पुलाचं काम... कामगार...”

ती मान हलवायची.

“पुरणाचं काम?”

ती इतकी हसली होती, की तिला ठसका लागला. हसण्यालाही आवाज नव्हता. नुसते खांदे हलत. पुढे पुढे तो दहातले दोन शब्द सांगू लागला, मग तीन. गाडी बदलली हे नक्की. पूर्वी कधी न ऐकलेले आवाज आता कळत: काचेवरचा वारा, मागच्या फळ्यांची खडखड. फोरमन म्हणाला तेवढं सगळं झालं होतं. पण परीक्षा तिनाच्या पुढे जाईना.

“कुठेतरी भोक राहिलंय,” तो फोरमनला म्हणाला. “तू ये एकदा. तू चालव, मी मागे बसून शोधतो.”

एका दुपारी तिघं निघाले. फोरमन चालवायला, बायको त्याच्या शेजारी, हा मागे पलंगाच्या फळीवर, मधल्या भिंतीचं दार उघडं ठेवून. बायकोने वाचायला सुरुवात केली. याला तिरकस कोनातून तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते.

फोरमन समोर बघत सहज म्हणत गेला, “उद्या जुन्या बाजारात पाणी येणार नाही. बरं. वाचनालयाची वेळ बदलली. वहिनी, तो हरवलेल्या कुत्र्याचा फोटो कसा आहे हो?”

ती थांबली. तिने मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. फोरमनच्याही लक्षात आलं. त्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“गाडीत काही राहिलेलं नाही,” तो म्हणाला. “एकतीस वर्षं ते इंजिन तुझ्या कानाशी होतं, भोंग्या. कान दाखवून घे.”

कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि कागदावर खाली उतरत जाणारी रेघ दाखवली. बारीक आवाज त्याच्यासाठी राहिलेच नव्हते, आणि कुजबुज म्हणजे सगळे बारीकच आवाज. यंत्र मिळालं. घरात त्याचा उपयोग झाला. गाडीत मात्र ते राहिलेली घरघरसुद्धा मोठी करून कानात ओतायचं.

हे आजचं नाही, डॉक्टर म्हणाले होते, वीसेक वर्षांपासून कमी होत आलं असणार. घरी येऊन त्याने पलंगाचं काम पुरं केलं.

ते निघाले, कारण मुलगी वाट बघत होती. बायकोनेच तोड काढली. काही सांगायचं असेल तर ती त्याच्या दंडावर दोन बोटं टेकवायची. तो जागा बघून गाडी कडेला घ्यायचा, इंजिन बंद करायचा, तिच्याकडे वळायचा. मग ती बोलायची. कधी नुसतं, “त्या घराला बघा, दारच नाही, शिडीने चढतात.” कधी, “पाणी द्या.” आठ तासांच्या रस्त्याला त्यांना तीन दिवस लागले. मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने गाडी बिघडली समजून दोनदा विचारपूस केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, एका टेकडीच्या उतारावर, तिने पुन्हा बोटं टेकवली. तो थांबला.

“मी तुम्हाला गाडीत खूप काही सांगितलंय,” ती म्हणाली. “तेव्हा तुम्हाला ऐकू यायचं का?”

त्याला खोटं बोलता आलं असतं. “थोडं यायचं,” तो म्हणाला. “मी हं म्हणायचो. तू बोलत असलीस की बरं वाटायचं.”

ती समोरच्या काचेकडे वळली.

“मुलगी पाच वर्षांची होती. मी विचारलं होतं, आणखी एक मूल होऊ द्यायचं का. दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना. दोन दिवस कसं विचारावं ते ठरवत होते. तुम्ही हं म्हणालात. मग म्हणालात, जाऊ दे, आता उशीर झाला.”

त्याला काही आठवेना. उशीर शेवटच्या फेरीला झाला असणार, नाहीतर दुकान बंद व्हायला आलं असणार. तो रोजच कशाला ना कशाला उशीर झाला म्हणत असे.

“मी परत नाही विचारलं,” ती म्हणाली. “म्हटलं, नसेल मनात तुमच्या.”

“मला हवं होतं,” तो म्हणाला. त्याचा आवाज जुन्यासारखा मोठा झाला होता. “मला वाटलं, तुलाच नकोय. तू कधी विषय काढला नाहीस म्हणून मी गप्प राहिलो.”

ती रडली नाही. तिने त्याचा हात स्टिअरिंगवरून उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि दोघं तसेच बसून राहिले. समोरून गाड्या जात होत्या. पाऊण तासाने ती म्हणाली, “चला, पोरगी जेवायची थांबली असेल.” खरं म्हणजे अजून एक दिवसाची वाट बाकी होती.

समुद्राकाठी ते दीड महिना राहिले. परतल्यावर चार महिन्यांनी गाठ पुन्हा उठली आणि यावेळी तिला जास्त दिवस मिळाले नाहीत. शेवटच्या आठवड्यात ती बोलायची ते यंत्रानेही त्याला कळत नव्हतं. तो कान तिच्या तोंडाशी नेऊन बसायचा आणि समजलं नाही की सरळ सांगायचा, “कळलं नाही गं.” ती पुन्हा सांगायची. कधी कंटाळून डोळे मिटायची.

दिवसकार्य आटोपल्यावर मुलगी आईचं कपाट आवरायला थांबली. तो पलंगावर बसून तिच्या हातातल्या घड्यांकडे बघत होता. त्याने तिला टेकडीच्या उतारावरचं बोलणं सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं.

मुलीचे हात थांबले. “मला माहीत आहे, बाबा. मी कॉलेजात असताना आईने सांगितलं होतं. तुम्ही नको म्हणालात, असं ती म्हणाली होती.”

“मी नको म्हणालो नव्हतो.”

“मग?”

“मला ऐकूच आलं नव्हतं.”

ती त्याच्याकडे वळली. “मी तुमच्यावर किती वर्षं रागावलेली होते, माहितेय तुम्हाला? सुट्टीत येत नव्हते, फोन दोन मिनिटांत ठेवायचे.”

“मला वाटायचं, तुला सासरी काम असतं.”

मुलीने हातातली साडी खाली ठेवली. ती त्याच्याशेजारी येऊन बसली आणि तोंड त्याच्या कानाशी आणून काहीतरी म्हणाली. ते त्याला समजलं नाही. त्याने तसं सांगितलं. तिने ते मोठ्याने परत म्हटलं, “मी तुम्हाला एकदा तरी विचारायला...” पण तिचा आवाज फुटला आणि वाक्य अर्ध्यातच राहिलं.