उजव्या हातातलं वज्र

ये, जवळ बस अशी. आईचं पत्र वाचताना तरी तो फोन पालथा ठेव गं!

तुझ्या बाबांनी, लामा पूजेत हातात धरतात ती, पितळेची वज्र आणि घंटा लेहच्या बाजारातून आणली, तेव्हा तू झाली नव्हतीस. नागपूरच्या घरी पिशवी उघडली तशी तुझी आजी कडाडली, "धम्म घेतला तो हे जादूटोणे सोडायला ना रे? आता लिंबू-मिरचीही टांग!"

"मंत्र नाही म्हणत आई, अर्थ बघ नुसता," म्हणत बाबांनी वज्र उजव्या हातात घेतलं. ही करुणा. डाव्यात घंटा, ती प्रज्ञा. घंटेच्या मुठीवरही अर्धं वज्र असतंच. वज्र नऊ सुळ्यांचं असतं, दोन वज्रं फुलीसारखी जोडलेलीही असतात; आपलं साधं, पाच सुळ्यांचं. कुणी भूत पळवायला उशाशी ठेवतात, हेही त्यांनीच सांगितलं.

"मग तुझ्या उशाशी नको, तूच पळशील," आजी म्हणाली.

इथं कतारला आल्यावर, नजमा भागातल्या खोलीपासून वक्रा शहरातल्या दादाच्या या फ्लॅटपर्यंत, ती जोडी बुद्धमूर्तीसमोर राहिली. वाजवली कधीच नाही. शुक्रवारी बाबा दोन्ही चिंचेनं घासायचे.

बाबा गेल्यावर तुम्ही भावंडांनी आठवणी वाटून घेतल्या. घंटा तू पुण्याला नेलीस, वज्र दादाकडे राहिलं. दोघांना एकेक, म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. मी सोफ्यावर होते. मला काहीच वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. चहा समोर निवतो, एसी घरघरतो, दादा तुझ्या वहिनीला सांगतो, आई ओके आहे.

परवा शुक्रवारी वज्र घासायला घेतलं. घासून उजव्या हातात धरलं, तर डावा हात आपोआप उघडला आणि तसाच राहिला. नात म्हणाली, "आजी, व्हॉट आर यू होल्डिंग?"

"काही नाही गं," म्हटलं. खरंच काही नव्हतं. रडूही आलं नाही.

पुढच्या महिन्यात बाबांना जाऊन वर्ष होईल, त्याचं पुण्यानुमोदन. इथं भंतेजी नाहीत, आपणच त्रिशरण-पंचशील म्हणू. त्या दिवशी वज्र आणि घंटा मूर्तीसमोर हवीत. नंतर दोन्ही तूच ने, पण जोडी फोडू नका. दादाला विचारलं, तर म्हणाला, "खलास, झालं तर मग, नेऊ दे तिला."

घंटा हातातल्या बॅगेत ठेव, आत फडकं कोंब, लोलक आपटायला नको. आणि जावईबापूंच्या सुट्टीची वाट बघत बसू नकोस. एकटी ये, पण लवकर ये.