दुगाव फाट्यावर तीन मिनिटं

रविवार, ११ जानेवारी २०२६. पहाटे चारला उठले. थंडी कडक. फ्लास्कमध्ये चहा, चार बाटल्या लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. साडेपाचला मॅरेथॉन सुटली. हर्षाली ११.०१ ला पोचली. उशिराचं कारण चिमाजींनी स्वतः लिहिलं.

माझ्या डायरीत शर्यतीची नोंद एवढीच आहे. शेवटच्या वाक्याला मात्र थोडी जास्त जागा द्यायला हवी.

चिमाजी सांगळे आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, शेवटची अकरा वर्षं सिन्नरला. गाडी आली की वेळ लिहायची, सुटली की वेळ लिहायची, उशीर झाला तर कारण लिहायचं, हे काम. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण दूधवाल्याला अजून उशिराचं कारण द्यावं लागतं. त्यांच्या हाताखालून एकही गाडी कधी वेळेआधी सुटली नाही. "उशिरा आलेली गाडी प्रवाशाला मिळते, वहिनी. लवकर गेलेली मिळत नाय." हे मी निदान वीस वेळा ऐकलं आहे.

हर्षाली त्यांची एकुलती एक मुलगी. वय चौतीस, अंबडच्या एका कारखान्यात नोकरी. पाठ दुखते म्हणून डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलं, तर ती पळायला लागली. गेल्या वर्षी पहिल्यांदाच पूर्ण मॅरेथॉनला उतरली आणि तेहतिसाव्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला बसली. शर्यत सुटते आणि संपते त्या मैदानावर ती रुग्णवाहिकेतून परत आली. यंदा तिला एकच गोष्ट हवी होती: साडेपाच तासांच्या आत पोचायचं. साडेपाच तास झाले की शेवटच्या रेषेवरची वेळ नोंदवणारी चटई गुंडाळतात. मग पदक नाही, यादीत नाव नाही.

"सुरुवातीला भरधाव सोडली, म्हणून मागच्या साली बंद पडली," हे चिमाजींचं निदान. त्यांनी वेळापत्रक आखलं. दर काही किलोमीटरला एक थांबा, आगमनाची वेळ, शेरा. मैदानावर पोच १०.५७.

मला सोबत घेतलं ते अक्षरासाठी. "तुम्ही फक्त मांडून घ्या वहिनी, पाणी मी देतो." म्हणून चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी पुठ्ठ्याला लावलेला कागद छातीशी धरून त्यांच्या स्कूटरवर मागे बसले.

पहिल्या थांब्यावर हर्षाली एक मिनिट लवकर आली. दुसऱ्यावर अडीच. चिमाजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. पंचविसावा किलोमीटर दुगाव फाट्याजवळ होता. तिथली वेळ ८.४४. ती ८.४१ ला आली. गाल लाल, श्वास बरा, चक्क हसत होती.

चिमाजी रस्त्यात उतरले आणि त्यांनी हात आडवा केला. त्या हाताला बस थांबायच्या. मुलगीही त्याच हाताखाली वाढलेली. थांबली.

"काय झालं, अप्पा?"

"तीन मिनिटं लवकर आलीस."

"मग चांगलंय ना!"

"चांगलं नाय. मागच्या साली हेच केलंस. पाणी पी. चव्वेचाळीसला सोडतो."

"मी काय सिन्नर-ठाणगाव गाडी आहे का?"

"ती निदान उलटून बोलत नव्हती."

"काकू, तुम्ही तरी सांगा यांना!"

मी म्हटलं, "चिमाजीभाऊ, जाऊ द्या तिला."

"तुम्ही लिहा, वहिनी."

मी लिहिलं. ती जागच्या जागी पाय उचलत राहिली. तेवढ्यात नऊ जण पुढे गेले, त्यातले एक अनवाणी आजोबा. बरोबर ८.४४ ला चिमाजींनी शिट्टी वाजवली. शिट्टी आणलेली असेल, असं मला वाटलं नव्हतं. पहिली दहा पावलं हर्षाली लंगडत गेली.

तेहतिसावा किलोमीटर तिने पळत पार केला. चिमाजींनी तिथून पुढे स्कूटर जरा जोरात चालवली. अडतिसाव्यापर्यंत ऊन चढलं होतं. ती थोडं चालायची, थोडं पळायची. अडीच मिनिटं उशीर. सकाळच्या गारव्यात तिने मिळवलेली मिनिटं आता उपयोगी पडली असती. ती फाट्यावर खर्च झाली होती.

अकराला दोन कार्यकर्त्यांनी चटई गुंडाळून टेम्पोत टाकली. अकरा वाजून एक मिनिटाने हर्षाली त्या मोकळ्या जागेवरून गेली. एका बाईंनी तिला केळं दिलं. पदकांचं खोकं बंद झालं होतं.

"पोचले, अप्पा."

"पोचलीस."

ती जमिनीवर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागली. मान वर न करता म्हणाली, "तीन मिनिटं, अप्पा."

चिमाजींनी माझ्याकडे कागद मागितला. मी वेळ लिहिली होती, कारणाचा रकाना रिकामा ठेवला होता. टायर, घाटातली कोंडी, बाजाराचा दिवस, चालकाची तब्येत, अशी कारणं त्यांनी आयुष्यभर लिहिली. एसटीतल्या बत्तीस वर्षांत नियंत्रकामुळे गाडीला उशीर झाल्याची एकही नोंद त्यांच्या हातची नाही, हे त्यांनीच मला सांगितलेलं. माझ्या पेनने त्यांनी लिहिलं: "नियंत्रकाने विनाकारण रोखले." खाली पूर्ण सही केली, तारीख घातली आणि कागद मुलीपुढे धरला.

हर्षालीने तो दोनदा वाचला. "शिक्का राहिला," ती म्हणाली.

चिमाजींचा हात खिशाकडे गेला. "तो जमा केला ऑफिसात."

"पुढच्या वर्षी पंचविसाव्या किलोमीटरला फक्त काकू उभ्या राहतील."

"मी कुठं?"

"मैदानावर. चटईपाशी. आणि ती कोणाला गुंडाळू द्यायची नाही."

"ते नियमात बसत नाय," चिमाजी म्हणाले. मग माझं पेन मला परत देत म्हणाले, "बघतो."

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दोन जिने चढणं हर्षालीला शक्य नव्हतं, म्हणून ती तळमजल्यावर माझ्याकडेच राहिली. संध्याकाळी तिचे वडील तिची चादर आणि टूथब्रश घेऊन खाली आले, ते इथेच बसले. त्या दिवसाच्या पानावर शेवटची ओळ आहे: मुगाची खिचडी, तांदूळ दोन वाट्या, डाळ एक वाटी. तिघांना पुरली.